बंद सेन्सरचे जुने आकडे 'लाइव्ह' म्हणून दाखवल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: टाकीवरील सेन्सर संच संपर्काबाहेर असतानाही ॲपवर 'पाणी सुरक्षित' दिसत राहिल्याबाबत

महोदय / महोदया,

आमच्या निवासी संकुलाच्या पिण्याच्या पाण्याच्या टाकीवर आपल्या कंपनीचा संच बसवलेला आहे. पीएच, गढूळपणा, टीडीएस (विरघळलेले क्षार), तापमान आणि मुक्त क्लोरीन (जंतू मारण्यासाठी पाण्यात शिल्लक असलेले) यांची क्षणाक्षणाची माहिती मोबाइलवर मिळेल, असे आपण सांगितले होते. संकुलाच्या पाण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे.

गेल्या आठवड्यात रहिवाशांकडून पाण्याला कुबट वास येत असल्याच्या तक्रारी आल्या. ॲप उघडले तर सगळे हिरवे, मुक्त क्लोरीन ०.४२ मिलिग्रॅम प्रतिलिटर. तरी खात्री करावी म्हणून टाकीतले पाणी काढून त्यात डीपीडीची, म्हणजे क्लोरीन तपासायची, गोळी टाकली. क्लोरीन असते तर पाणी गुलाबी झाले असते. ते होते तसेच राहिले.

मग मागचा आलेख पाहिला. आदल्या दिवसापासून क्लोरीनची रेघ आडवी, सरळ. तापमानाचीही तशीच: भर दुपारी आणि पहाटे एकच आकडा, दशांशासकट. वापरातल्या टाकीचा आलेख असा असूच शकत नाही. विजेच्या बिघाडाने क्लोरीन सोडणारा डोसिंग पंप थांबला होता आणि त्याच बिघाडात सेन्सरचे आकडे सर्व्हरकडे पाठवणारा आपला गेटवेही बंद पडला होता. ॲप मात्र शेवटचा मिळालेला आकडा 'लाइव्ह' म्हणून दाखवत राहिले. या काळात संकुलातल्या लहान मुलांनी, आजारी माणसांनी, सगळ्यांनी तेच पाणी प्यायले. याचा मला अतिशय संताप आहे.

आपल्या मदत केंद्राने 'सेन्सरमध्ये दोष नाही, ॲप रिफ्रेश करा' असे उत्तर दिले. माझी तक्रार संच बंद पडल्याची नाही. यंत्र आहे, कधीतरी बंद पडणारच. ते बंद पडल्याचे आम्हाला कळले नाही, ही तक्रार आहे. नळाला येणाऱ्या पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर मुक्त क्लोरीन उरलेले असावे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. दूषित पाण्याची खूण असलेल्या ई. कोलाय या जिवाणूच्या नेहमीच्या प्रयोगशाळा तपासणीचा निकाल यायला साधारण एक दिवस जातो आणि आपला संच जिवाणू मोजत नाही. त्यामुळे वेळेवर सावध करणारा आमच्याकडे क्लोरीनचा आकडाच काय तो आहे.

आपल्या माहितीपत्रकानुसार संच एमक्यूटीटी या, उपकरणांचे संदेश सर्व्हरमार्फत पोहोचवणाऱ्या, प्रोटोकॉलवर चालतो. तेलवाहिन्यांवर दुरून देखरेख ठेवण्यासाठी १९९९ मध्ये तयार झालेल्या या प्रोटोकॉलमध्ये 'लास्ट विल' नावाची सोय आहे: उपकरणाचा संपर्क अचानक तुटला की सर्व्हर तसा संदेश आपणहून पाठवतो. म्हणजे उपाय आपल्या हाताशी होता, वापरला गेला नाही.

दुसरी बाब देखभालीची. प्रोब बाहेर काढले तेव्हा गढूळपणा मोजणाऱ्या सेन्सरच्या काचेवर बुळबुळीत थर चढलेला होता. पीएचचा इलेक्ट्रोड ७.०० च्या बफरमध्ये (पीएच आधीच ठाऊक असलेल्या द्रावणात) बुडवला तर ७.६ दाखवत होता. हा फरक किरकोळ नाही. पीएच ७.५ च्या आसपास मुक्त क्लोरीन निम्मे हायपोक्लोरस आम्लाच्या आणि निम्मे हायपोक्लोराइटच्या रूपात असते. पीएच चढला की जंतू मारण्यात जास्त प्रभावी असलेले आम्ल कमी होते. शिवाय आपला संच क्लोरीनचा आकडा पीएचनुसार दुरुस्त करून दाखवतो, म्हणजे एक चूक दुसऱ्या आकड्यात शिरते. आपल्या तंत्रज्ञाच्या भेटीच्या नोंदीत फक्त 'कॅलिब्रेशन पूर्ण' (म्हणजे सेन्सर प्रमाण द्रावणाशी जुळवून घेतला) एवढेच आहे. कोणता बफर वापरला, आधी आणि नंतर वाचन किती आले, काही नाही.

प्रत्येक आकड्याशेजारी तो मोजल्याची वेळ दिसावी आणि वाचन शिळे झाले की हिरवा रंग जाऊन 'माहिती नाही' असे यावे. संपर्क तुटताच एसएमएस यावा, टाकीजवळ भोंगा वाजावा. गेटवेला बॅटरी द्यावी आणि संपर्क नसतानाची वाचने संचातच साठून नंतर आलेखात भरली जावीत. पीएचचा इलेक्ट्रोड विनामूल्य बदलून द्यावा व यापुढे कॅलिब्रेशनची आकड्यांसह नोंद आमच्याकडे ठेवावी. बिघाडाच्या काळातला सर्व्हरवरचा मूळ, न बदललेला डेटाही हवा आहे.

हीच प्रणाली आपण इतर ठिकाणीही बसवली असेल. तिथल्या ग्राहकांना हा दोष आजच कळवावा, ही माझी कळकळीची मागणी आहे. ॲपमधला बदल होईपर्यंत आम्ही रोज हाताने चाचणी करणार आहोत. तेवढ्या काळाचे सेवाशुल्क आकारू नये. पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावे.

सोबत: आलेखाची चित्रे, डीपीडी चाचणीची छायाचित्रे, तंत्रज्ञाच्या भेटीच्या नोंदीची प्रत.

आपला,
सचिव, पाणी समिती