स्टेटस काढलंस का?

प्रिय सोहेल,
दुआ.

काल फोनवर तुझ्यावर ओरडलो. तू फोन आपटलास, तेव्हापासून अम्मी माझ्याशी बोलत नाही. मला एवढंच विचारायचं होतं, मढीच्या ठरावावरचं ते स्टेटस काढलंस का?

तू लिहिलंस त्यात खोटं काही नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मढीच्या ग्रामसभेनं 22 फेब्रुवारी 2025 ला ठराव केला, कानिफनाथांच्या यात्रेत मुसलमानांना दुकानं लावू द्यायची नाहीत. का, तर आपण रिवाज पाळत नाही. अरे, यात्रेच्या महिन्यात तळण करायचं नाही, हे मला दादांनी शिकवलं! बांगड्यांच्या पेट्या घेऊन आम्ही तिथं मुक्कामाला असायचो, तेव्हा आमच्या चुलीवरही कढई चढायची नाही. नव्या नवरीचा हात दादा असा दाबून धरायचे की घट्ट मापाची बांगडीसुद्धा न टोचता मनगटात जायची. वर एक जादा भरायचे, तिचे पैसे घ्यायचे नाहीत. तो ठराव प्रशासनानं रद्द केला, पण मंत्री असून नितेश राणेंनी त्या ठरावाची बाजू घेतली. मग पोरांना जोर येणारच. परवा दुसऱ्या एका यात्रेत दोघांनी मला नाव विचारलं आणि दुकानाचं पाल उचलायला लावलं. हे अम्मीला सांगू नकोस.

तू हडपसरला राहतोस म्हणून जीव टांगणीला लागतो. 2 जून 2014 ला तिथंच सोलापूरचा एक पोरगा नमाज पढून परत येत होता. आयटीत कामाला, तुझ्यासारखाच. फेसबुकवर कुणीतरी शिवाजी महाराजांची विटंबना केली होती. त्या पोराचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. टोपी आणि दाढी बघून जमावानं त्याला मारून टाकलं. जानेवारी 2023 मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले.

त्यानं तर स्टेटसही ठेवलं नव्हतं. हे तू मला काल म्हणालास आणि मी गप्प बसण्याऐवजी ओरडलो. माफ कर. बोर्डाच्या परीक्षेत तू तालुक्यात दुसरा आलास, तेव्हा अख्ख्या बाजारात पेढे वाटताना छाती फुगली होती. त्याच पोराला आज मान खाली घालून चाल म्हणतो, याची मलाच लाज वाटते.

तरी ते स्टेटस काढ, बाळा. दाढीचं तुझं तू ठरव.

सहरीला उपाशी राहू नकोस. शेवया आणि खजूर नदीमबरोबर पाठवलेत. तरावीहनंतर एकटा येऊ नकोस. खोलीवर पोचलास की मिस्ड कॉल दे, कितीही वाजू देत. मी जागाच असतो.

तुझा
अब्बा