फॉरमॅट मारण्याआधी

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

"आई, शनिवारी येतो, तासाभरात फॉरमॅट मारून देतो," असं म्हणून तू फोन ठेवलास. ये जरूर. पण माझ्या कॉम्प्युटरला हात लावण्याआधी हे नीट वाच, फोनवर तू मला पुरतं बोलूच देत नाहीस.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे बदलायला हवं हे मलाही पटतं. आपला प्रोसेसर आठव्या पिढीचा, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिपही आहे, म्हणजे विंडोज ११ बसेल. तिथवर तुझंच खरं.

आता टॅली, माझं हिशेबाचं सॉफ्टवेअर. आधी लायसन्स सरेंडर करायचं, म्हणजे टॅलीतूनच परत द्यायचं. तसंच पुसलंस तर ते जुन्या विंडोजवर अडकून बसेल आणि ऐन जीएसटीचं ३बी रिटर्न भरायच्या दिवसांत मी कस्टमर केअरचं संगीत ऐकत बसेन. डेटा फोल्डर कॉपी झाला म्हणजे बॅकअप झाला, हे मी मानत नाही. तुझ्या लॅपटॉपवर टॅली एज्युकेशनल मोडमध्ये (लायसन्सशिवाय चालतो त्यात) उघड, त्यात दिंडोरीच्या द्राक्षवाल्यांची कंपनी लोड कर आणि ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी, माझ्या प्रिंटआउटशी ताडून दाखव. पैशापैशाला जुळला, तरच पुढे.

दुसरं तुझ्या ध्यानातही येणार नाही. आजोबांनी सांगितलेल्या नाशिकच्या १९६९ च्या पुराच्या आठवणी बाबांनी श्रीलिपीच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केल्यात. ते युनिकोड नाही, म्हणजे तो फॉन्ट असेल तरच अक्षरं दिसतात. फाइल शिल्लक राहिली आणि फॉन्ट गेला, तर उघडल्यावर गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या जागी नुसती चित्रविचित्र चिन्हं दिसतील. म्हणून विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधले ते फॉन्टही घे, आणि सगळ्या फाइलींची एकेक पीडीएफ पुसण्याआधीच काढून ठेव. डेस्कटॉप आणि डाउनलोड्सही बघ. बाबा सगळं तिथेच टाकतात, बँकेची स्टेटमेंटंसुद्धा.

विंडोज एसएसडीवर टाकायचंय, त्याआधी कॅबिनेट उघडून फोटोंच्या एक टीबीच्या हार्ड डिस्कची केबल काढ. "मला कळतं कुठली कुठली ते" असं म्हणशील. सेटअपमध्ये डिस्क ०, १ अशा नंबरांनी दिसतात, आणि घाईत भलत्यावर डिलीट दाबलं की तुझ्या मुंजीचे फोटो गेले. केबल काढलेली डिस्क कुणाच्या बापाला पुसता येत नाही. मग एसएसडीवरची लहानमोठी सगळी पार्टिशनं (कप्पे) खुशाल उडव, अनअलोकेटेड, म्हणजे मोकळी जागा, एवढंच उरलं की नेक्स्ट.

प्रॉडक्ट की मागेल, तिथे 'माझ्याकडे नाही' निवड. आपलं विंडोज ओरिजिनल आहे, लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं. आवृत्ती फक्त होमच निवड, प्रो नको. इंटरनेट लागलं की आपोआप ॲक्टिव्हेट होतं. कोपऱ्यावरचा पोरगा पाचशे रुपयांत 'सगळं टाकून' देतो म्हणे. त्याचा पेनड्राइव्ह या घरात शिरणार नाही. ज्या मशीनवर लोकांचे पॅन आणि जीएसटीचे पासवर्ड आहेत, त्यावर क्रॅक केलेलं, चोरीचं सॉफ्टवेअर चालत नाही. सेटअप मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच उतरव.

मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने लॉगिन केल्यावर ते डिस्क आपणहून लॉक करू शकतं. तसं झालं असेल तर त्या कुलपाची, म्हणजे बिटलॉकरची, ४८ आकडी की काढून एलआयसीच्या फाइलीत लाव. मोबाइलमध्ये नको, मोबाइल दर दोन वर्षांनी बदलतोस.

यूपीएसची बॅटरी बाबांनी बदलून घेतलीय. तरी आभाळ भरून आलं तर सुरुवात करू नकोस, आपल्याकडे वीज जायला तेवढं निमित्त पुरतं.

तुझी,
आई

ता. क. पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा आण आणि त्यातलं तुझं सामान आधी काढून ठेव, सेटअप बनवताना तो पूर्ण पुसला जातो. लॅनचा ड्रायव्हर दुसऱ्या पेनड्राइव्हवर घे. स्क्रू ड्रायव्हर घरात आहे.