मान्तेका म्हणजे लोणी नव्हे: सान्तियागोच्या तियांना आभाराचं पत्र

प्रिय तिया,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. तुमच्याच शहरात राहणारा माझा धाकटा भाऊ म्हणाला, चिलेत शाळेतली पोरं बाईंनासुद्धा 'तिया' म्हणतात, म्हणजे मावशी किंवा आत्या, तेव्हा तूही खुशाल तेच म्हण. पत्र मराठीत लिहितेय, कारण मला मनापासून बोलायचं झालं की हीच भाषा येते. शिवाय शाकाहारी आईला घेऊन लांबच्या देशात जाणाऱ्या आमच्याकडच्या लेकीसुनांच्या उपयोगाचं थोडं यात आहे. तुम्हाला भाऊ वाचून दाखवील, तुमच्या भाषेत.

जानेवारीतली ती संध्याकाळ. सहा वाजून गेलेले, पण ऊन आमच्याकडच्या दुपारी चारसारखं रखरखीत. सान्तियागोच्या लास्तारिया भागातल्या त्या अरुंद गल्लीत तुमच्या हॉटेलच्या दाराला 'सेर्रादो', म्हणजे बंद, अशी पाटी होती आणि माझी आई काचेला नाक लावून आत बघत होती. आत तुम्ही टेबलांवर काटेचमचे मांडत होतात.

आमची अडचण अशी की साडेसातला नाटक होतं. दर जानेवारीत तुमच्या शहरात जो मोठा नाट्यमहोत्सव भरतो, 'सान्तियागो आ मिल', त्याची तिकिटं भावानं काढून ठेवली होती. 1994 साली हे सुरू झालं तेव्हा तिकीट हजार पेसोंना होतं म्हणून 'आ मिल', म्हणजे 'हजाराला', असं नाव पडलं, असं तो सांगत होता. (आमची हजाराला नव्हती, हे मी त्याच्याकडून काढून घेतलं.) तो ऑफिसातून थेट थिएटरवर येणार होता. म्हणजे पोटापाण्याचं आम्हा दोघींनाच बघायचं होतं, दोघींना मिळून स्पॅनिशचे आठ शब्द येत असताना.

आमच्याकडे नाटक म्हटलं की मध्यंतर, आणि मध्यंतर म्हटलं की बटाटेवडा. पंधरा मिनिटांत वडा, चहा आणि बाथरूमची रांग एवढं सगळं उरकण्यात माझ्या आईची पन्नास वर्षं गेली आहेत. हे नाटक मात्र दीड तास सलग, मध्यंतर नाही, आणि दार लागल्यावर येणाऱ्याला आत सोडणार नाही असं तिकिटावरच छापलेलं. आईला मधुमेह आहे. सातच्या आत तिच्या पोटात काही गेलं नाही तर तिला गरगरतं. मी आपली पुण्याच्या हिशेबानं निघाले होते, की वाटेत कुठंही खाऊ. तुमच्याकडे दुपारचं जेवण दोनला होतं, चारच्या सुमारास स्वयंपाकघर बंद होतं आणि रात्रीचं हॉटेल जागं व्हायला साडेसात-आठ वाजतात, हे कळलं तेव्हा दोन दारांवरून परत फिरलो होतो. तिसरीकडे कॅफे उघडा होता, पण काचेच्या कपाटातल्या प्रत्येक पावातून हॅम डोकावत होतं.

तुम्ही दार अर्धं उघडलंत. मी घड्याळ दाखवलं, तिकीट दाखवलं, आईकडे बोट केलं. तुम्ही म्हणालात, "अल तीरो, अल तीरो." भाषांतर करणाऱ्या फोननं त्याचा अर्थ गोळीबाराशी काहीतरी जोडला आणि आई दोन पावलं मागे सरली. 'आत्ता लगेच' याला चिलेत असं म्हणतात, हे नंतर कळलं.

आता मुख्य गोष्ट. मेनूवर फोन धरला तर 'उमितास'खाली आलं: मका, कांदा, तुळस, लोणी. वाटलेला ताजा मका कणसाच्याच पानात गुंडाळून शिजवलेला. आमच्या पातोळ्यांची चुलत बहीणच. मी हरखून त्यावर बोट ठेवलं आणि फोनमधून सांगितलं, आई मांस, मासे, अंडी काहीच खात नाही. तुमचा चेहरा पडला. "मान्तेका," तुम्ही म्हणालात. मी मान डोलावली, हो हो, लोणी, चालेल. तुम्ही पुन्हा, जरा मोठ्यानं, "मान्तेका!" मी पुन्हा, चालेल, चालेल. मग तुम्ही हातातला नॅपकिन खाली ठेवलात, नाकावर मूठ धरलीत आणि चक्क डुकरासारखा आवाज काढलात. स्वच्छ, खणखणीत, दोनदा. स्वयंपाकघरातून कुणीतरी डोकावून बघितलं.

आई इतकी हसली की तिचा चष्मा घसरला.

भावानं नंतर उलगडा केला. अर्जेंटिनात मान्तेका म्हणजे लोणी. डोंगर ओलांडून चिलेत आलं की लोण्याला मान्तेकिया म्हणायचं आणि मान्तेका म्हणजे डुकराची चरबी. आँदेस डोंगररांगेच्या दोन बाजूंना एकच शब्द, आणि त्यात माझ्या आईचं सत्तर वर्षांचं सोवळं बुडता बुडता राहिलं. तिया, तुम्ही गप्प राहिला असतात तरी चाललं असतं. आईनं मिटक्या मारत खाल्लं असतं, तुमच्या दोन प्लेटी खपल्या असत्या आणि आम्हाला जन्मात पत्ता लागला नसता. आभार त्या आवाजाचे आहेत. बाकीचं सगळं त्याच्या मागून आलं.

मग तुम्ही टेबलावरची पावाची टोपली उचललीत. ते गोल, चपटे पाव आम्हाला बरे दिसत होते, पण त्या 'आयुया'मध्येही चरबी असते म्हणून तुम्ही 'मार्राकेता' आणलात: पीठ, पाणी, मीठ, यीस्ट, बस्स. वरून कुरकुरीत, मधे चीर, हातानं सहज तुटणारा. आणि मेनूत बघू नका असं खुणेनं सांगून आत गेलात. रात्रीची गिऱ्हाइकं यायच्या आधी तुम्ही सगळे जे जेवणार होतात, त्या पातेल्यातलं आमच्यासाठी वाढलंत. वाढण्याआधी दोनदा आत जाऊन आचाऱ्याला विचारून आलात. एकदा, पाणी साधं आहे की हाडांचं. एकदा, कांदा तेलावर परतलाय की त्या मान्तेकावर. तेलाची बाटलीसुद्धा आणून दाखवलीत. आमच्या लग्नकार्यात केटररला इतके प्रश्न विचारले तर तो घुश्शात येतो.

'पोरोतोस ग्रानादोस'. मातीच्या वाडग्यात, काठावर अजून खदखदणारं. शेंगांतून सोललेले ओले दाणे, त्यात विरघळून गेलेला लाल भोपळा, दाटपणासाठी वाटलेला मका, आणि वरून तुमची ती रुंद पानांची तुळस. आईनं पहिला घास घेतला, थांबली आणि म्हणाली, "अगं, हे बिरडं आहे." नारळ नाही, कोकम नाही, वालाचा कडवटपणा नाही, पण दाणा तोंडात तसाच लोण्यासारखा फुटतो. बाजूला पेब्रे: टोमॅटो, कांदा, कोथिंबीर, मिरची. त्याला तर आईनं सरळ कोशिंबीरच म्हटलं. चिमूटभर मेर्केन भुरभुरवलंत तेव्हा तिनं डबीच हुंगली. तुमच्याकडचे मूळ रहिवासी, मापुचे लोक, मिरची धुरावर वाळवून, धणे घालून कुटतात ते हे. आईनं ती डबी परत द्यायला जरा वेळच लावला.

शेवटी 'मोते कोन उएसियो'. उंच ग्लासात सालं काढून शिजवलेला गहू, गार पाक आणि तळाशी वाळवून पुन्हा फुगवलेलं अख्खं पीच. साखरेची गोळी घेणाऱ्या बाईनं दोन चमच्यांवर थांबायचं ठरवलं होतं. तिनं मला गव्हाच्या खिरीवर व्याख्यान दिलं आणि बोलता बोलता अर्धा ग्लास संपवला.

खात असताना तुम्ही आमच्या थिएटरची गोष्ट सांगितलीत. फोन अडखळत होता, पण कळलं. 1972 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार परिषदेसाठी ती इमारत 275 दिवसांत उभी केली. परिषद संपल्यावर तिला तुमची कवयित्री गाब्रिएला मिस्त्राल हिचं नाव मिळालं आणि आत सगळ्यांना परवडेल असं मोठं भोजनगृह सुरू झालं. तुमची आई तुम्हाला बोट धरून तिथं जेवायला नेत असे. पुढच्या वर्षी लष्करानं सत्ता घेतली आणि तिथंच आपलं ठाणं मांडलं, नावही बदललं. 2006 मध्ये मोठी आग लागली. 2010 पासून पुन्हा नाटकं आणि पुन्हा तेच जुनं नाव. "तिथं काय जेवायचात?" असं आईनं विचारायला लावलं. तुम्ही आमच्या वाडग्याकडे बोट केलंत.

बिलात फक्त दोन ग्लास मोते लावले होते. मी वाद घातला, पण आठ शब्दांत कितीसा वाद होणार? दहा टक्के टिप घ्यायला तेवढं तयार झालात. मग ऑर्डर लिहायच्या वहीतलं पान फाडून आईच्या हातात दिलंत: मांस नको, कोंबडी नको, मासा नको, हॅम नको, बेकन नको, हाडांचं पाणी नको, मान्तेका नको. शेवटच्या ओळीखाली दोन रेघा. सात वाजून पाच मिनिटांनी तुम्ही ॲप्रनसकट कोपऱ्यापर्यंत आलात आणि गंजल्या रंगाच्या लोखंडी जाळीची ती इमारत दाखवून मगच मागे वळलात.

नाटकातलं बोलणं आम्हाला कळलं नाही. आईनं एकदा डोळे पुसले आणि एकदा, माझ्या अंदाजानं, डुलकी काढली.

त्या पानाचं मात्र सांगायला हवं. तीन आठवडे आईच्या फोनच्या कव्हरात ते होतं. वाल्पाराइसो शहरात एक वेटर म्हणाला, मांस नाहीच, फक्त चिकन आहे. तुमच्याकडे नुसतं 'कार्ने' म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे गाईबैलाचंच मांस येतं, हे तेव्हा डोक्यात शिरलं. आईनं पान पुढे केलं. त्यानं ते वाचलं, दोन रेघांपाशी हसला आणि आत जाऊन विचारून आला. आता पान घडीवर फाटलंय, तिनं मागून चिकटपट्टी लावलीये.

तुमच्याकडे जेवलो त्या दिवशी आमची संक्रांत होती. लाडवांसाठी आणलेले कच्चे तीळ विमानतळावरच ठेवून घेतले होते. तुमच्याकडे बियाण्यांचे नियम कडक आहेत, आणि फॉर्मात आईनं खरं ते लिहिलं होतं. त्यामुळे तुमच्या हातावर ठेवायला तिच्या पर्समध्ये काही नव्हतं, याची रुखरुख तिला इथं परत आल्यावरही आहे. म्हणून भावानं तुमच्या ला व्हेगा बाजारातून तीळ आणलेत आणि आईनं व्हिडिओ कॉलवर उभं राहून त्याच्याकडून लाडू वळून घेतलेत. पाक जरा पुढे गेलाय, जपून चावा. पत्राबरोबर तो डबा घेऊन येईल. आईनं झाकणावर त्याच्याकडून मोठ्या अक्षरांत लिहून घेतलंय: तूप गाईचं आहे, मान्तेका नाही.

तुमची,
काचेला नाक लावणाऱ्या बाईंची मुलगी