पेठच्या मिस्त्री काकांना, मनापासून थँक्यू

मिस्त्री काका, सलाम.

हे तुम्हाला तुमचा मुलगा फोनवर वाचून दाखवेल, त्याला तसं सांगून ठेवलंय. पण बाकीच्यांनीही वाचावं म्हणून सगळ्यांसमोरच लिहितेय, कारण सध्या आमच्या चर्चच्या तरुण संघाचं जिकडेतिकडे कौतुक चाललंय, नाशिकच्या पोरांनी पेठ तालुक्यात पाड्यावर जाऊन गरिबांना घरं बांधून दिली म्हणून फोटो फिरतायत, आणि त्या फोटोंमध्ये तुम्ही कुठेच नाही. घरं तुम्ही बांधलीत काका. आम्ही विटा भिजवल्या, घमेली उचलली आणि पाणी वाहिलं.

आल्या आल्या सगळ्यांना थापी हातात हवी होती. तुम्ही कोणाला नाही म्हणाला नाहीत, फक्त म्हणालात आधी विटा भिजवा. कोरडी वीट सिमेंट-वाळूच्या मालातलं पाणी पिऊन टाकते आणि मग सांधा धरत नाही, हे नुसतं सांगून सोडलं नाहीत, बाजूला एक कोरडी आणि एक भिजलेली वीट मालात बसवून ठेवलीत आणि दुसऱ्या दिवशी आम्हालाच हलवून बघायला लावलंत. कोरडी अलगद हातात आली. भिजलेली जागची हलेना. त्यानंतर कोणी थापी मागितली नाही, सगळे मुकाट्याने पिंपाजवळ जाऊन बसले.

मग भिंतींना पाणी मारायचं काम. सिमेंट वाळून घट्ट होतं असंच बहुतेकांना वाटतं, तुम्ही समजावलंत की ते ओलं राहिलं तरच पकड घेतं, निदान 7 दिवस, आणि हल्ली सगळीकडे मिळतं त्या राख मिसळलेल्या पीपीसी सिमेंटला 10 दिवस तरी, उन्हाळ्यात तर एक वेळही चुकवायची नाही. आता पेठ म्हणजे पावसाळ्यात धो धो पाऊस, आणि एप्रिल-मे आला की त्याच पाड्यावरच्या बाया हंडे घेऊन उतारावरून विहिरीला जातात. मग घराला लागणारं पाणी कोणाच्या डोक्यावरून येणार? हे तुम्ही पहिल्याच सकाळी सगळ्यांसमोर विचारलंत आणि उत्तरही तुम्हीच दिलंत, बाया घरचं पाणी आणतील, भिंतीचं पाणी ही पोरं आणतील. भिंतींवर गोणपाट टाकलंत, सकाळी ऊन चढायच्या आधी आणि संध्याकाळी ऊन कलल्यावरच पाणी मारायचं म्हणजे थोडक्यात भागतं. त्या चढावर हंडा घेऊन आल्याशिवाय कळत नाही की पक्कं घर पक्कं व्हायला किती पाणी खातं, आणि ते पाणी एरवी बायकांच्याच वाट्याला आलं असतं. माझ्यासाठी सगळ्या ट्रिपमधली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे.

आणि आजींचं घर. केंद्राच्या घरकुल योजनेचं मूळ अनुदान मैदानी भागात 1 लाख 20 हजार, डोंगराळ भागात 1 लाख 30 हजार, तेही हप्त्याहप्त्याने, आणि विटा-खडी सावळघाट चढून वर येईपर्यंत भाडंच केवढं होतं, म्हणून संघाने पत्रे आणि वाहतुकीचा खर्च उचलला होता. शहरातून नकाशा आला होता, 25 चौरस मीटरचा, किचन ओटा वगैरे सगळं त्यात. तुम्ही नकाशा बाजूला ठेवलात आणि आजींना म्हणालात, बाई तू सांग. आजींना चूल जमिनीवरच हवी होती, तिच्या वर धूर जायला झरोका, नागलीच्या कणगीला कोपरा, आणि दार खळ्याकडे. पश्चिमेकडून पाऊस झोडपतो म्हणून त्या बाजूला तुम्ही पडवी काढलीत, तिला जुन्या कुडाच्या घराचे सागाचे खांब वापरलेत, पैसेही वाचले आणि आजोबांनी उभे केलेले खांब जागेवर राहिले म्हणून आजी किती खूश होत्या. इंजिनिअरने आखलेलं घर मजबूत असतं हे मान्यच आहे, पण त्यात राहायचं कोणाला आहे हे विचारणारा माणूस साइटवर असायलाच हवा, आणि तो तुमच्यासारखा तिथली भाषा जाणणारा असला तर फारच बरं.

अजून एका गोष्टीसाठी थँक्यू. पाड्यावर कोणीतरी विचारलं होतं, घर घेतलं की चर्चला यावं लागतं का. आमचे पाद्रीसाहेब काही बोलायच्या आत तुम्हीच म्हणालात की मी वाघदेवाला मानणारा माणूस, मला कोणी काही अट घातली नाही, तुम्हालाही घालणार नाहीत. तुम्ही आमची हमी घेतलीत काका, आणि ती मोडणार नाही हे मी संघाच्या वतीने इथे लिहून देते. पायाला आजींच्या मुलाने नारळ फोडला, आम्ही प्रार्थना केली, दोन्ही वेळा तुम्ही टोपी काढून उभे होतात.

पाद्रीसाहेबांनी निघायच्या आधी आम्हाला हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटीबद्दल सांगितलं होतं, अमेरिकेत मिलर्ड आणि लिंडा फुलर या जोडप्याने 1976 मध्ये सुरू केलेली संस्था, ज्याचं घर त्यानेही बांधकामात राबायचं ही त्यांची पद्धत, आणि 2006 मध्ये जिमी कार्टर वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी लोणावळ्याजवळ मळवलीला 100 घरांच्या कामावर आले होते. ते ऐकून फार हुरूप आला होता. पण हुरुपाने ओळंबा सरळ लागत नाही, त्याला शिकलेला हात लागतो, आणि तो हात तुम्ही पाथर्डी फाट्याकडच्या बिल्डिंगांवर बिगारी म्हणून राबून, पत्र्याच्या शेडमध्ये राहून, बघून बघून कमावलात. आमच्या नाशिकच्या शरणपूरला एकोणिसाव्या शतकात मिशनने गुलामीतून सुटलेल्या आफ्रिकन मुलांना ठेवून घेतलं होतं, शाळेबरोबर हाताचं कामही शिकवलं जायचं. आफ्रिकेत फिरलेला ब्रिटिश मिशनरी-प्रवासी लिव्हिंगस्टन याचा मृतदेह आफ्रिकेतून परत नेणाऱ्यांमधला जेकब वेनराइट नाशिकच्याच मिशन शाळेत शिकलेला. या गोष्टीचा आम्हाला लहानपणापासून अभिमान आहे. या वेळी मिशनच्या पोरांना काम शिकवणारे तुम्ही होतात.

जेवताना तुम्ही सहज बोललात की पाड्यावरची पोरं दिवाळी झाली की दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर जातात, इथे कोणी गवंडीकाम शिकत नाही, शिकतानाची मजुरी कोण देणार. ते मी मीटिंगमध्ये मांडलं. पुढच्या वर्षी संघातले कमी जण येणार, आणि येण्याजाण्याचा, राहण्याचा जो खर्च वाचेल त्यातून पाड्यावरच्या दोन पोरांना तुमच्या हाताखाली सीझनभर मजुरीवर ठेवायचं, असं ठरलंय. पोरं कोण ते तुम्ही ठरवा, मजुरी किती तेही तुम्हीच सांगा, बागेवर मिळते त्यापेक्षा कमी नको. पाणी वाहायला आम्ही आहोतच.

नाताळला घरच्या सगळ्यांना घेऊन या. आई म्हणतेय एका दिवसासाठी नको, मुक्कामालाच या, आणि आजींना बरोबर आणा.