‘लक्ष देत नाही’ हा शेरा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

प्राथमिक शाळेतील एकतीस वर्षांच्या नोकरीत प्रगतिपुस्तकांवर ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’ असा शेरा मी किती वेळा लिहिला, याची मोजदाद नाही. निवृत्तीनंतर एडीएचडी, अर्थात अवधानन्यूनता व अतिचंचलता, या विकाराविषयी वाचू लागले आणि त्यातले ‘देत नाही’ हे शब्द खटकू लागले. कारण लक्ष देणे मुलाच्या मर्जीवर असते, असे आपण त्यात गृहीत धरलेले असते.

मोबाइलवर दोन-दोन तास खिळून बसणाऱ्याला गणिताच्या वेळीच काय होते, असे पालक हटकून विचारतात. खेळात क्षणाक्षणाला बक्षीस मिळते, गणितात ते उशिरा मिळते. आणि उशिरा मिळणाऱ्या फळासाठी मन आवरून धरण्याचे काम मेंदूचा कपाळामागील भाग व त्याला जोडलेली आतली केंद्रे डोपामिन आणि नॉरअॅड्रेनालिन या रसायनांच्या साहाय्याने करतात. या मुलांमध्ये नेमकी हीच यंत्रणा वेगळ्या रीतीने चालते. अमेरिकेतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांना २००७ मध्ये असे आढळले की मेंदूच्या बाह्यस्तराची जाडी इतर मुलांत साधारण साडेसाताव्या वर्षी कमाल होते, ती या मुलांत साडेदहाव्या वर्षी होते. अर्थात हा समूहाचा हिशेब आहे. एकट्या मुलाचे निदान एमआरआयवरून होत नाही, तेव्हा तो खर्च कोणी करू नये.

निदानासाठी लक्षणे बाराव्या वर्षाआधीपासून, किमान सहा महिने, आणि घरी व शाळेत अशा दोन्ही ठिकाणी दिसावी लागतात. एकाच बाईंच्या तासाला चुळबुळ होत असेल, तर आधी त्या तासाकडे पाहावे.

कारणांमध्ये आनुवंशिकतेचा वाटा जुळ्यांच्या अभ्यासांत सुमारे ७५ टक्के आढळतो, आणि अपुऱ्या दिवसांचा जन्म किंवा शिशाशी आलेला संपर्क यांनी धोका वाढतो. साखर किंवा आजीचे लाड हे कारण नव्हे. उलट ‘याचा बापही लहानपणी अस्साच होता’ हे पालकसभेतील आजीचे वाक्य मी हसण्यावारी नेत असे, ते नोंदवून ठेवायला हवे होते.

सर्वांत जास्त निसटतात त्या मुली, कारण त्यांच्यात पुष्कळदा धावपळ नसते, फक्त विसराळूपणा असतो. खिडकीबाहेर पाहत बसणारी, वह्या हरवणारी अशी एक मुलगी चार वर्षे माझ्या वर्गात होती. तिच्या पुस्तकावर मी ‘शांत, पण धांदरट’ असे लिहिले होते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा