कौल लावण्याआधी

चि. बाळा यास अनेक आशीर्वाद.

काल तुझा फोन ठेवल्यावर बराच वेळ खळ्यात बसून होतो. फोनवर मला सगळं बोलता येत नाही, म्हणून लिहितो.

"आजीने माझ्या नावावर केलेली आंब्याची 20 कलमं विकायची आहेत, रवळनाथाला कौल लावून घ्या," असं म्हणालास. मग बोलता बोलता निघालं की गिऱ्हाइकाकडून तू विसार घेतलायस आणि तिकडे ब्लॉकचं टोकनही भरलंयस. मग देवाला विचारायचं राहिलं काय, बाळा?

लहानपणी तुला देवळात न्यायचो तेव्हा तुझं सगळं लक्ष घंटेकडे. गुरव गाऱ्हाणं घालतो, देवाच्या दोन्ही अंगांना फुलांचे ओले कळे चिकटवतो. उजवा पडला तर होय, डावा पडला तर नाही. कळा लगेच पडत नाही. कधी कधी फार वेळ जातो, कुणी हलत नाही, पोरंसुद्धा गप्प. तेवढ्या वेळात माणसाचा हट्ट सैल होतो. पण घरूनच ठरवून आलेला माणूस नुसता उजव्या कळ्यावर डोळे लावून बसतो. मी बसलोय तसा.

तू तीन वर्षांचा होतास. काकाचं आणि माझं पटेना. घर वाटून घेऊ का, म्हणून कौल लावला. डावा पडला. मी गुरवाला म्हटलं, जरा फिरवून विचार. पुन्हा डावाच. मग आम्ही घरात भिंत घातली नाही, देवाचा शब्द राखला म्हणून मनाचं समाधान केलं, आणि आठवड्याच्या आत दोन चुली मांडल्या. आजी एक महिना काकाकडे जेवायची, एक महिना आपल्याकडे. काकाच्या महिन्यात आपल्याकडे बांगड्याचं तिखलं शिजलं की ती माजघरातून उठून मागच्या पडवीत जाऊन बसायची. का, ते कुणी विचारलं नाही. वाटू नका म्हणाला होता देव. आम्ही भिंत तेवढी घातली नाही, बाकी सगळं वाटलं. ती पडवीत बसलेली मला अजून दिसते.

माझी आत्या आचऱ्यात दिलेली. तिथली गावपळण मी लहानपणी तिच्याबरोबर केली. रामेश्वराचा कौल झाला की सगळा गाव तीन दिवस तीन रात्री शिवेबाहेर. गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री-मांजरं, सगळं बरोबर. दुसऱ्या धर्माची घरंसुद्धा निघतात. आत्याचं भात झोडायचं पडलं होतं, रचलेली उडवी तशीच सोडून ती निघाली आणि झावळांच्या राहुटीत राहिली. हळूच एक चक्कर मारून येऊ, असं एकदाही म्हणाली नाही. चौथ्या दिवशी परत यायलाही कौल लागतो. नाही मिळाला तर मुक्काम वाढतो.

तू आधी विसार परत कर. टोकन बुडालं तर अर्धे पैसे मी देईन, भातविक्रीचे आहेत. मग स्वतः ये. उजवा पडला तर सातबारा घेऊन मीच तुझ्याबरोबर रजिस्टर कचेरीत येईन, कलमांसाठी एक शब्द बोलणार नाही. डावा पडला तर ब्लॉकचं दुसरं काय करता येईल ते बसून बघू. पण फिरवून विचारायचं नाही, आणि अर्धी कलमं विकून अर्धी ठेवायचीही नाहीत.

सोमवार धरून ये, गुरवाला मी सांगून ठेवतो. काकाला कळवलंय. तोही येणार आहे देवळात.

आई बरी आहे.

तुझा,
बाबा