आत्या, कर्ज फिटलं!

ती. आत्यास,
सा. न.

"फिटल्यावर सांग सगळ्यांना, आत्ता नको," असं तू म्हणाली होतीस. परवा शेवटचा हप्ता गेला, म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितोय.

२०२० मध्ये पगार कापला गेला आणि मी घरखर्च क्रेडिट कार्डावर ढकलायला लागलो. सगळंच काही अडचणीपोटी नव्हतं. नवा फोन, गोव्याची ट्रिप ही माझीच हौस. कार्डाची बाकी १,८०,००० वर गेली, वर एका ॲपचं कर्ज. दर महिन्याला कार्डाचं ९,००० 'मिनिमम', म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरायचो आणि वाटायचं, फेडतोय.

त्या रविवारी तू कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलंस आणि पेन्सिलीने लिहिलंस: महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे व्याज ६,३००. त्यावर अठरा टक्के जीएसटी, १,१३४. मुद्दलात जमा फक्त १,५६६. त्या आकड्याखाली तू दोन रेघा ओढल्यास आणि काही न बोलता चहा टाकायला उठलीस. एक शब्दही तू लागेल असा बोलली नाहीस, आत्या. हे मी कधी विसरणार नाही.

तेवढ्यात ॲपच्या वसुलीवाल्याचा फोन आला. पावणेआठ वाजले होते. तू फोन घेतलास: "संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. उद्या आठनंतर करा." कितीतरी महिन्यांनी त्या रात्री मला शांत झोप लागली. ॲपवाले तडजोडीत रक्कम कमी करून देतो म्हणाले, तेव्हाही तूच अडवलंस. सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, 'सेटल्ड' (पूर्ण न फेडता मिटवलं) असा शेरा राहिला तर उद्या घराच्या कर्जाला तो आडवा येईल, म्हणालीस.

मग तुझ्या पतसंस्थेतून तेरा टक्क्यांनी कर्ज. तीन वर्षं, हप्ता ६,०६५. कार्डाची बाकी एकरकमी भरली आणि तू कार्ड माझ्याच हातून कापून घेतलंस. हप्त्यातून वाचलेले तीनेक हजार दर महिन्याला ॲपच्या कर्जात. जामीनदाराच्या जागी सही करताना तू चष्मा पुसलास, कागद पूर्ण वाचलास आणि मगच सही केलीस. स्वतःची पेन्शन माझ्या शब्दावर लावलीस गं.

ते पान अजून माझ्या कपाटात आहे. ना-देय दाखला घेऊन रविवारी येतो. जामिनातून तू मोकळी झालीस.

तुझाच,
भाचा